चार नंबरच्या बाया

सर अमरावतीला आले तेव्हा त्यांचा सिद्धांत तयार होता, फक्त त्यात बसवायला माणसं कमी पडत होती. ती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच समाजशास्त्रात एम.ए. झालो होतो, दुसऱ्या वर्गात, आणि पहिल्या वर्गातल्यालाही लाजवील एवढी घमेंड माझ्यापाशी होती. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात पाहुण्यांना तोटा नव्हता. पथकं यायची, पत्रकार यायचे, कॅमेरेवाले यायचे. ज्या घरातला माणूस कर्जापायी गेला त्या घराच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे, "आता कसं वाटतं?" असं विचारायचे आणि उन्हं तापायच्या आत जीपमध्ये बसून परत जायचे. आम्ही त्यांच्यापेक्षा फार वरचे. आमच्याकडे छापील फॉर्म होता.

सरांचा सिद्धांत थोडक्यात असा, की शेती मोडली की माणसामाणसांतलं बोलणं मोडतं, बोलणं मोडलं की घर मोडतं, आणि शेवटी लग्न नावाची संस्थाच खिळखिळी होते. याला ते 'संस्थात्मक विघटन' म्हणत. हे दोन शब्द उच्चारायच्या आधी ते चष्मा काढत, आणि त्यांनी चष्मा काढला की आम्ही वह्या उघडत असू. सिद्धांत तपासायला त्यांनी दोन गावं निवडली. एक ओलिताचं, संत्र्याच्या बागांचं. ते शकीलकडे गेलं. शकील अकोल्याचा, माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी तेव्हा कबूल करत नसे. दुसरं गाव कोरडवाहू, काळ्या मातीचं, कपाशीचं, नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं. ते मला मिळालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा मी ते छापून आणलं होतं, तेवढं त्या गावाला पुरे झालं. शकीलनं त्याचं काम हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत उरकलं. मला मध्येच कावीळ झाली आणि मी माझ्या गावात पोचलो तो थेट वैशाखात.

फॉर्ममध्ये एक प्रश्न घरातल्या बायकांचा होता. लग्न झालेलं नसेल तर एक लिहायचा, नवऱ्याजवळ राहत असेल तर दोन, विधवा असेल तर तीन, आणि लग्न झालंय पण नवऱ्याजवळ राहत नाही, तर चार. सूचना अशी, की काल रात्री जी बाई ज्या घरात झोपली तिला त्याच घरात मोजायचं. निघताना सर म्हणाले होते, "तू इथलाच आहेस, हाच खरा धोका आहे. तुझी स्थानिक समज बाजूला ठेव. उत्तर येईल ते नोंदव." मी समज बाजूला ठेवली. फार वजनदार नव्हती, सहज उचलली गेली.

माझा मुक्काम वडिलांच्या ओळखीतल्या गुलाबरावकाकांच्या घरी होता. काका, काकू, थोरली लेक कुसुम, धाकटी नंदा आणि एक मुलगा-सून असं ते घर. वैशाखात वऱ्हाडातलं घर म्हणजे कारखानाच. तीन दिवस भिजवून आंबवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास अंगणभर, मोठ्या गंजात रटरटणारा चीक, त्यात फिरणाऱ्या लाकडी हाट्याचा ढप्प ढप्प आवाज, सोऱ्याच्या दट्ट्याची करकर, आणि या सगळ्याच्या वर बायकांचा गलका. बाजांवर जुनी धोतरं अंथरलेली आणि त्यावर कुरडयांच्या रांगा. घरोघरी लेकी आल्या होत्या. पोरांच्या शाळांना सुट्या लागल्या की लेकीनं माहेरी यायचं, आईला कुरडया, पापड, शेवया करू लागायच्या, मांडे-रस खायचा, दुपारी काडीवर कणकेचे सरगुंडे वळत सासूची उणीदुणी काढायची आणि मृगाच्या आत परत जायचं, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या दोन बहिणी त्याच आठवड्यात अमरावतीला आमच्या गच्चीवर कुरडया घालत बसल्या होत्या. कुसुम मला गरम चीक वाटीत घालून द्यायची, वर दूध, वर साखर, आणि मी वाटीमागून वाटी रिचवत असे. आजूबाजूच्या बाया माहेरपणाला आल्यात हे माझ्या पोटाला पक्कं समजलेलं होतं. डोकं मात्र सरांच्या सूचना पाळत होतं.

चौकशी ओट्यावर चालायची. उत्तरं घरातला कर्ता पुरुष द्यायचा, कारण फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असं लिहिलेलं होतं.

"घरात बाया किती?"

"हे म्हतारी, हे सून, अन् हे पोरगी."

"पोरीचं लग्न झालंय?"

"झालं ना बाप्पा. दोन लेकरं हायेत तिले."

"नवरा इथे राहतो?"

"तो कायले राहीन इथं? तो तिकडं, त्याच्या घरी."

चार.

एका घरच्या म्हाताऱ्यानं माझं लिहिणं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे जे तुमी लिवून राहिले, हे तुमाले समजते का?" मी म्हणालो, "आमचं काम फक्त नोंदवायचं." "मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि निर्धास्त होऊन तंबाखू मळू लागला. सगळ्यात शेवटी, निघायच्या दिवशी, मी गुलाबरावकाकांच्या घराचा फॉर्म भरला. रोज जिथं जेवतो त्या घराची घाई कसली? कुसुमलाही चार घातला. आतून हाट्याचा ढप्प ढप्प आवाज येत होता.

आता मी महाविद्यालयात पोरांना संशोधनपद्धती शिकवतो. (शिक्षा म्हणून दिली असावी असं कधीकधी वाटतं.) तिथे मी सांगतो की आकडा मुका असतो, त्याला बोलतं आपण करतो. पोरं हे वाक्य अधोरेखित करतात. माझे आकडे मुके नव्हते. ते सरांच्या टेबलावर पोचले आणि सरांच्या आवाजात बोलू लागले. सरांनी दोन गावं शेजारी मांडली. ओलिताच्या गावात चार नंबरच्या बाया जवळजवळ नाहीत, कोरडवाहू गावात ढीगभर. फरक इतका ठसठशीत, की संगणकानं त्या आकड्याच्या डोक्यावर दोन चांदण्या काढल्या. हा फरक योगायोगानं पडलेला नाही, असा त्या चांदण्यांचा अर्थ. ते खरंच होतं, योगायोगाचा त्यात काही संबंध नव्हता. एक गाव हिवाळ्यात मोजलं होतं आणि एक कुरडयांच्या दिवसांत. पण सरांना पाण्याचा सिद्धांत सुचला. पाणी असलं की संसार टिकतात. अहवालाच्या त्या प्रकरणात 'नवऱ्याजवळ राहत नाही' हे शब्द कुठेतरी गळाले आणि त्यांच्या जागी 'परित्यक्ता' आलं. एक शब्द तीन शब्दांचं काम करत असेल तर विद्वान माणूस तोच वापरतो.

इथवर गुन्हा सरांचा आणि माझा निम्मा-निम्मा. पुढचा सगळा माझा. अहवालात गावाला नुसतं 'गाव क्रमांक दोन' म्हटलं होतं. दिवाळीच्या सुमारास एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर मला भेटायला आला. त्यानं मला 'तरुण संशोधक' म्हटलं. एवढ्यावर मी त्याला गावाचं नाव सांगितलं. फोटोसाठी शर्ट बदलला. चार दिवसांनी बातमी आली: अमुक गावच्या लेकी सासरी टिकेनात. खाली माझा हसरा फोटो. तो अंक मी आईला दाखवला, तर ती म्हणाली, "या मथळ्याखाली तू काहून हसून राहिला रे?"

आठवड्याभरात गुलाबरावकाका अमरावतीला आमच्या दारात उभे. हातातल्या थैलीत तो अंक. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "नंदाचं साक्षगंध झालं तं तुले मालूम हाये?" मला मालूम नव्हतं. अकोल्याची सोयरीक जमून साखरपुडा झाला होता, मुलगा जिनिंगमध्ये कामाला, तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरलेली. आणि मुलाकडून निरोप आला होता: तुमच्या गावच्या पोरी नांदत नाहीत असं पेपरात आलंय, आम्हाला विचार करू द्या.

"विचार करू द्या म्हंजे काय, समजते ना तुले?" काका म्हणाले. "पोरगी जेवून नाही राहिली तीन दिवसांपासून. तुनं लिवलं. आता तूच चाल अन् तूच पूस."

आधी मी बूथवरून सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "एखाद्या वैयक्तिक उदाहरणानं प्रवृत्ती खोटी ठरत नसते. शिवाय तक्ता छापून झालाय." मग शकीलला केला. तो पलीकडून हसतच सुटला. "अबे, गर्मी में तो मेरी तीनों आपा घर पे रहती हैं. आमच्या घरी ये, चार नंबरच्या तीन फुकट मिळतील तुला." हसणं थांबल्यावर मात्र म्हणाला, "फॉर्म घेऊन जा सोबत. तोंडी बोलशील तर मार खाशील."

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघालो. मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा, त्यातून मी उतरवून काढलेली चार नंबरची नावं, पाऊण पान भरलेली. मूर्तिजापूर गेल्यावर काका खिडकीबाहेर पाहत बोलले. कुसुम पाहुणी नव्हती. दोन वर्षांपासून ती इथंच होती. सासर बऱ्हाणपूरकडचं, तिकडची खबर इकडं कोणाला नाही, म्हणून सण आला की हे सांगायचे, लेक सणाला आली, आणि उन्हाळा आला की लेक कुरडयांना आली. "तिचं नाव निंगालं तं सांगजो, जावई सुरतेले कामाले हाये." मी हो म्हणालो. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. चांगला सराव होता.

मुलाचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. मुलाचे वडील दिवाणावर बसलेले, पण बोलणार कोण ते लगेच कळलं. भिंतीला टेकून, पाय लांब करून, सुपारी कातरत मुलाची आत्या बसली होती. घरचे सगळे तिला आत्याबाई म्हणत. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोटोत मोठा दिसते," ती म्हणाली. "वाच नावं."

मी पहिलं नाव वाचलं.

"कोनाची हे? कुटं देली?"

काकांनी सांगितलं, दहीहांड्याला दिलेली. आत्याबाईनं मान न वळवता आतल्या घराला हाक मारली, "दहीहांड्याची कोन हाये वो?" आतून एक सून म्हणाली, "मी हावो ना. ते तं आमच्या गल्लीतच राह्यते आत्याबाई. पोळ्याले तिच्या पोराचं बारसं जेवली मी."

"खोड," आत्याबाई म्हणाली.

मी तांबड्या पेनानं चार खोडला.

असं एकेक नाव. ही मूर्तिजापूरची, तिच्या दिराला आमच्याकडची दिलीय, खोड. ही चांदूर रेल्वेची, परवा बाजारात नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून गेली, खोड. आत्याबाईला अक्षर येत नव्हतं. पण कोणी सांगितलं, कधी पाहिलं आणि सांगणाऱ्याचं त्यात काय जातं, हे तीन प्रश्न ती प्रत्येक नावाला विचारत होती, आणि एम.ए.च्या दोन वर्षांत त्यातला एकही मला कोणी शिकवला नव्हता. दोन कप चहात माझं पाऊण पान लाल झालं. चांदण्यांसकट अख्खा तक्ता एका सुपारीत कातरला गेला. मला राग यायला हवा होता, पण तोवर मला एक वेगळीच कुचंबणा होऊ लागली होती. इतक्या घरी फिरलो, इतक्या उन्हात फिरलो, आणि एकही आकडा उभा राहू नये?

शेवटचं नाव कुसुमचं होतं. मी वाचलं.

"जावई सुरतेले..." काका म्हणू लागले.

"तुमाले नाही इचारलं भाऊ. लिवनाऱ्याले इचारून राहिली मी."

लोक अशा ठिकाणी सत्याची ओढ वगैरे लिहितात. मला ओढ होती ती एवढीच, की त्या पानावर माझा एक तरी आकडा खरा असावा. मी म्हणालो, "हा बरोबर आहे."

आत कपबशा विसळायचा आवाज थांबला. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आत्याबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्सं," काका म्हणाले.

"साक्षगंधाच्या टायमाले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, सोयरीक मोडीन."

नंदाचं लग्न त्या खोलीच्या मधोमध, चहाच्या रिकाम्या कपांशेजारी पडलेलं होतं आणि उचलायचं की ढकलायचं ते त्या बाईच्या हातात होतं. ती माझ्याकडे वळली.

"मी चाळीस वर्सं झाले, भावाच्या घरी हावो. नवरा जिता हाये अजून तिकडं. मले कितवा आकडा देशीन तू?"

"चार," मी म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही.

आधी मुलाचे वडील हसले, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून. मग आतल्या सुना. आत्याबाई हसली नाही. ती काकांना म्हणाली, "लगन ठरल्या तिथीले होईन. पन ते थोरली मांडवात पुढं दिसली पायजे. मागच्या खोलीत नाही. हे लपवालपवी मी या घरात लय पाहेली."

परतताना बडनेऱ्याला उतरल्यावर काका एवढंच म्हणाले, "सुरतेचं सांगतलं होतं ना तुले." मी त्यांच्याबरोबर गावी गेलो, कारण आनंदाची बातमी द्यायला आपण हजर असावं असं मला वाटलं. काकूंनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. नंदा आत पळाली आणि थोड्या वेळानं भाकर मागायला बाहेर आली. सोप्यात कापसाचा ढीग होता आणि त्याच्याशी बसून कुसुम त्यातली किडकी बोंडं, कवडी, निवडून बाजूला टाकत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आता ही आभार मानणार, अशी माझी खात्री होती.

"चौघात माह्यं नाव वाचलं म्हनते तुनं?"

"हो."

"बरोबर हाये म्हनाला?"

"हो."

"तुले कोनं सांगतलं बरोबर हाये म्हून?"

"काकांनी. गाडीत."

"अन् फारम भरला तवा?"

"तेव्हाही काकांनीच."

"मी तिथंच चीक हाटून राहिली होती. चार हातावर. माह्या हातचा खाऊन गेला तू. मले काहून नाही इचारलं?"

काका दारात उभे होते. काकूंच्या हातात साखरेचा डबा तसाच. कुसुमनंच विचारलं, "हाये का कोरा फारम?" थैलीत एक होता. "मंग बस. इचार."

मी मांडी घातली, पेन काढलं आणि अहवालाच्या भाषेत विचारलं, "नवऱ्यानं टाकून किती दिवस झाले?"

"त्यानं नाही टाकलं. मी सोडला त्याले. माह्या पायानं आली, यष्टीचं तिकीट काढून. लिव."

हे काकांना नवीन नसावं. पण त्या घरात ते मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं गेलं असावं, कारण काका उंबऱ्यावर सावकाश बसले. मी फॉर्मकडे पाहिलं. पुढचा छापील शब्द होता, 'कारण'. ओट्यावरच्या घाईत हा रकाना मी सगळीकडे कोराच सोडला होता.

"कारण?" मी वाचलं.

कुसुमनं एक कवडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि बाजूला फेकली. "हे तुले पायजे का तुह्या सरले?"

"सरांना."

"मंग त्याईले घेऊन ये. इथं बसव माह्यासमोर. मी तोंड पाहीन त्याईचं, मंग ठरवीन सांगाचं का नाही."

नंदाचं लग्न ठरल्या तिथीला झालं. कुसुम मांडवात पुढे होती, आत्याबाईच्या शेजारी, आणि दोघींनी मिळून मला अक्षता वाटायच्या कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी नांदगावच्या बूथवरून मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, चार नंबरचे सगळे आकडे खोटे होते. एकच खरा होता आणि त्याचाही अर्थ आपण उलटा लावला. ती बाई म्हणते, तुम्ही या, मग ती कारण सांगेल की नाही ते ठरवेल. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"खोट्यांचं नंतर बघू, तळटीप देता येईल," सर म्हणाले. "हिनं कारण सांगायला नकार दिला, असंच ना? मग नऊ घाल."

नऊ म्हणजे प्रतिसाद नाही.

मी म्हणू शकत होतो की सर, तिनं प्रतिसाद दिलाय, तुम्ही द्यायचा बाकी आहे. हे वाक्य मला बऱ्याच वर्षांनी सुचलं. त्या दिवशी मी "हो सर" म्हणालो, बूथच्या फळीवर फॉर्म सपाट केला आणि रकान्याच्या बरोबर मधोमध नऊ काढला. माझं अक्षर तेव्हा फार सुबक होतं.